शिमेन बोलते, फेद्र गप्प राहते: फ्रेंच शोकांतिकेतलं प्रेम आणि इभ्रत

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: सतराव्या शतकातल्या दोन फ्रेंच नाटककारांची, कोर्नेयचं 'ल सिद' आणि रासीनचं 'फेद्र', ही नाटकं अनुवादातून वाचली. सोबतच्या टिपणात लिहिलंय की कोर्नेयमध्ये प्रेम विरुद्ध कर्तव्य असा झगडा असतो आणि कर्तव्य जिंकतं, तर रासीनमध्ये वासना जिंकते. वाचताना मात्र तसं वाटलं नाही. बापाच्या मारेकऱ्यावर प्रेम करत राहणाऱ्या शिमेनला थोर का म्हणायचं? फेद्रनं प्रत्यक्षात काहीच केलेलं नाही, मग तिचा गुन्हा नेमका कोणता? आणि ही माणसं इतकी बोलतात का?

मी बरीच वर्षं फ्रेंच साहित्य शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून या नाटकांतले प्रवेश उभे करून घेते. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला वाचताना जे जाणवलं त्यावर विश्वास ठेवा आणि टिपण बाजूला सारा. या नाटकांत प्रेम आणि इभ्रत समोरासमोर शड्डू ठोकून उभी नसतात, ती एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. कोर्नेयच्या जगात इभ्रत माणसाला बोलायला भाग पाडते. रासीनच्या जगात तीच इभ्रत त्याचं तोंड बंद करते, आणि 'फेद्र'मधला गुन्हा त्या बंद तोंडातून जन्माला येतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला इथेच सापडतात.

टिपणातल्या वाक्याचं मूळ जुनं आहे. 1688 साली ला ब्रुयेर या फ्रेंच लेखकानं लिहिलं की कोर्नेय माणसं जशी असायला हवीत तशी रंगवतो आणि रासीन जशी असतात तशी. वाक्य सुरेख आहे, पण पुढच्या पिढ्यांनी त्याचं परीक्षेत लिहायचं उत्तर करून टाकलं. कोर्नेयची माणसं आदर्श असतील, पण ती दगडाची नाहीत.

आधी 'ल सिद'. 1637 च्या सुरुवातीला ते पॅरिसच्या मारे नाट्यगृहात रंगमंचावर आलं. कथा स्पेनमधली, गिलेन दे कास्त्रोच्या नाटकावरून घेतलेली. युवराजाला घडवण्याचं काम राजा म्हाताऱ्या दोन दिएगकडे सोपवतो ('दोन' ही स्पॅनिश आदरार्थी पदवी). ते आपल्यालाच मिळणार असं धरून चाललेला काउंट दोन गोमेस चिडतो, शब्दाला शब्द लागतो आणि तो म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारतो. दोन दिएगच्या हातात आता तलवार ठरत नाही. तो आपल्या मुलाला, रोद्रिगला, सूड घ्यायला सांगतो. आणि ज्या शिमेनवर रोद्रिगचा जीव आहे, जिच्याशी त्याचं लग्न ठरण्याच्या बेतात आहे, ती या काउंटचीच मुलगी.

पहिल्या अंकाच्या शेवटी रोद्रिग एकटा उरतो. कोर्नेय इथे नेहमीची यमकांची जोडी सोडून कडव्यांची रचना घेतो. मन दोन्हीकडे ओढलं जातंय हे छंदातच ऐकू येतं. बाप की प्रेयसी, असं तो घोळवत राहतो. मरून जावं असंही म्हणतो. मग दोन ओळी येतात, ज्यांकडे बहुतेक टिपणांचं लक्षच नसतं. त्यांचा आशय असा: सूड घेतला तर मी तिचा द्वेष आणि राग ओढवून घेतो, नाही घेतला तर तिचा तिरस्कार. शिमेन दोन्ही वाटांनी हातची जाणारच आहे. एका वाटेनं निदान तिच्या नजरेतली किंमत तरी शाबूत राहते. म्हणजे रोद्रिग प्रेम बाजूला सारून लढायला जात नाही. शिमेननं ज्या माणसावर प्रेम केलं तो माणूस म्हणून शिल्लक राहायचं, तर लढण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

तो काउंटला मारतो. शिमेन राजाकडे धाव घेते आणि न्याय मागते: रोद्रिगचं डोकं. आणि त्यानंतर तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश येतो. सगळं नाटक या प्रवेशावर तोललेलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

रोद्रिग शिमेनच्या घरी येतो. ज्याला त्यानं मारलं त्याच्याच घरी, हातात तीच तलवार घेऊन. कोर्नेयनं 1660 साली या नाटकाचं स्वतःच परीक्षण लिहिलं. त्यात तो सांगतो की पहिल्या प्रयोगांच्या वेळी हा दुर्दैवी प्रियकर तिच्यासमोर येऊन उभा राहिला की प्रेक्षागृहात एक थरथर उठायची आणि सगळ्यांचं लक्ष दुपटीनं एकवटायचं. ती थरथर कशाची, ते तालमीत कळतं. ही गोष्ट अशोभनीय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी ती घडावी असं सगळ्यांनाच वाटत असतं.

रोद्रिग तलवार पुढे करतो आणि म्हणतो, मला मार. शिमेन तलवारीकडे पाहून किंचाळते: माझ्या बापाच्या रक्तानं अजून ओली! तो म्हणतो, मग माझ्या रक्तात बुडव. तो माफी मागत नाही. उलट सांगतो की पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. आणि शिमेन? तिला हे पटतं. ती म्हणते, तू कर्तव्य केलंस आणि ते करताना मला माझं कर्तव्य शिकवलंस. मग ती दोन ओळी बोलते: मला दुखावून तू माझ्या तोलाचा ठरलास, तुझा जीव घेऊन मला तुझ्या तोलाचं ठरायला हवं.

तुम्ही विचारलंत, तिला थोर का म्हणायचं. याच दोन ओळींसाठी. ती त्याच्यावर 'तरीसुद्धा' प्रेम करते असं नाही. ज्या गुणामुळे त्यानं तिच्या बापाला मारलं, त्याच गुणावर तिचं प्रेम आहे. आणि त्या प्रेमाच्या बरोबरीला उभं राहायचं तर तिला त्याचा जीव मागावाच लागतो. प्रेम जितकं खोल, तितकी मागणी कठोर. 'प्रेम विरुद्ध कर्तव्य' या मापात हे बसत नाही, कारण एकाला बळ दिलं की दुसऱ्यालाही आपोआप बळ मिळतं. त्यामुळेच ही गाठ सुटत नाही.

विद्यार्थी हा प्रवेश आधी तावातावानं करतात. मी त्यांना त्यातल्या दोन छोट्या ओळींवर आणते. 'रोद्रिग, कुणाला खरं वाटलं असतं?' 'शिमेन, कुणी सांगितलं असतं?' सुख इतकं जवळ होतं आणि इतक्यात गेलं, एवढंच दोघं मिळून म्हणतात. युक्तिवाद चालू असताना अचानक दोन साधी तरुण पोरं दिसतात. हे जमलं तरच आधीच्या युक्तिवादाला किंमत येते.

याच अंकाच्या शेवटी दोन दिएग मुलाला समजावतो: इभ्रत एकच असते, प्रेयसी कितीतरी मिळतात, प्रेम ही चैन आहे, इभ्रत हे कर्तव्य. हे वाक्य सर्रास कोर्नेयचं मत म्हणून उद्धृत होतं. पण रोद्रिगचं उत्तर वाचा. तो बापावर उखडतो आणि म्हणतो की रणांगणातून पळालेल्या भित्र्याला आणि दगाबाज प्रियकराला सारखीच बेअब्रू चिकटते. म्हाताऱ्याच्या लेखी इभ्रत घराण्याची आहे. मुलाच्या लेखी प्रेमातली निष्ठा हीसुद्धा इभ्रतच आहे. नाटक कुणाच्या बाजूनं आहे, याबद्दल मला तरी शंका नाही.

आता दुबळेपणा. तो 'ल सिद'मध्येही आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. राजा शिमेनची परीक्षा घेण्यासाठी रोद्रिग मेल्याची थाप मारतो. ती मूर्च्छित होऊन कोसळते. लगेच सावरून म्हणते, महाराज, माणूस आनंदानंही मूर्च्छित होतो. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, रोद्रिग शिमेनच्या बाजूनं लढणाऱ्या दोन सांशशी द्वंद्व करायला निघालेला असतो, आपण मुद्दाम हरणार असं सुचवत असतो, तेव्हा तिच्या तोंडून निघून जातं: ज्या लढाईचं बक्षीस शिमेन आहे ती जिंकूनच ये. आणि पुढच्याच श्वासाला ती म्हणते की हा सुटलेला शब्द मला शरमेनं लाल करतोय. पण शब्द सुटला. लाज वाटते ती सांगूनही टाकली. कोर्नेयच्या माणसांचा पाय घसरतो तो असा, सगळ्यांसमोर, बोलता बोलता, आणि ती पुन्हा उठून उभी राहतात.

शेवटी राजा लग्नाचा हुकूम देतो, डोळे पुसायला एक वर्ष घे म्हणतो. शिमेन होकार देते का? ती विचारते, रोद्रिगनं तुमच्यासाठी जे केलं त्याची मजुरी म्हणून मला द्यायचं का? त्यानंतर ती बोलत नाही. कोर्नेयनं परीक्षणात म्हटलंय की एरवी मौन म्हणजे संमती, पण राजासमोर मौन म्हणजे विरोध. नाटक तिला लग्नमंडपात नेत नाही.

हे प्रकरण तेव्हाच्या पॅरिसमध्ये निव्वळ भावनेचं नव्हतं. द्वंद्वयुद्धावर 1626 च्या फर्मानानं कडक बंदी होती आणि 1627 साली माँमोरांसी-बुतव्हील या मोठ्या घराण्यातल्या सरदाराचा, भर दिवसा चौकात द्वंद्व खेळल्याबद्दल, शिरच्छेद झाला होता. म्हणजे प्रेक्षक ज्याला टाळ्या देत होते ते कृत्य गुन्हा होतं. नाटक तुफान चाललं आणि वाद पेटला. स्कुदेरी या नाटककारानं हल्ला चढवला, राजाचा मंत्री रिशलिए यानं नुकत्याच, 1635 साली, स्थापलेल्या फ्रेंच अकादमी या भाषा-साहित्याच्या संस्थेकडे तंटा गेला. मुख्यतः तिचा सदस्य शाप्लँ याच्या हातून उतरलेल्या अकादमीच्या निवाड्याचा सूर असा होता की शिमेन प्रेयसी म्हणून फार हळवी आणि मुलगी म्हणून फार निष्ठुर आहे. तुमची शंका जवळजवळ 400 वर्षं जुनी आहे हे यावरून लक्षात येईल. अकादमीचं चुकलं ते एवढंच की तिनं शिमेनकडे दोन वेगळ्या खात्यांत पाहिलं.

इभ्रतीची काळी बाजू कोर्नेयला दिसत नव्हती असंही नाही. 1640 च्या 'ओरास'मध्ये रोमसाठी लढून परतलेला भाऊ, आपल्या प्रियकराच्या मृत्यूवर रडणाऱ्या आणि रोमला शाप देणाऱ्या बहिणीला ठार मारतो, आणि राज्याला गरज आहे म्हणून राजा त्याला माफ करतो. ते नाटक मला अस्वस्थ करतं, आणि तसं ते करावं असाच कोर्नेयचा हेतू असणार.

'ल सिद' ते 'फेद्र' यांत 40 वर्षांचं अंतर आहे, आणि त्या 40 वर्षांत इभ्रतीचा अर्थच बदलला. 1648 ते 1653 या काळात सरदारांनी आणि पॅरिसच्या न्यायमंडळानं राजसत्तेविरुद्ध केलेला 'फ्रोंद' हा उठाव फसला. 1661 पासून चौदाव्या लुईनं कारभार स्वतःच्या हाती घेतला. ज्यांच्या आजोबांनी तलवारीनं मान मिळवला ते आता दरबारात राजाच्या नजरेची वाट बघत उभे राहू लागले. मान मिळवण्यापेक्षा तो जाऊ न देणं महत्त्वाचं झालं. जो जपायचा असतो तो मान माणसाला गप्प राहायला शिकवतो.

त्यात रासीनचं स्वतःचं घडणं. तो 1639 चा, लहानपणीच पोरका झालेला, पोर-रोयाल मठाच्या जान्सेन या कडव्या ख्रिस्ती पंथातल्या गुरूंकडे शिकलेला. या पंथाची शिकवण कडक होती: देवाची कृपा नसेल तर माणसाला चांगलं काय ते दिसतं, पण त्याच्या हातून ते होत नाही. नाटक लिहिण्यावरून रासीनचं या गुरूंशी 1666 मध्ये जाहीर भांडण झालं. शिकवण मात्र अंगात भिनलेली राहिली. त्याची माणसं अज्ञानानं चुकत नाहीत. आपण काय करतोय हे त्यांना लख्ख दिसत असतं.

'बेरेनीस' (1670) तुम्ही वाचलेलं नाही, पण 'फेद्र' नीट कळायला त्यातलं एकच दृश्य पुरेल. तितुस रोमचा सम्राट झालाय. पॅलेस्टाइनची राणी बेरेनीस त्याच्यावर प्रेम करते, तोही तिच्यावर. परदेशी राणीशी लग्न रोमला चालत नाही, म्हणून तिला पाठवून द्यायचं त्यानं ठरवलंय. ठरवलंय, पण सांगायचं कुणी? दुसऱ्या अंकात ती समोर येते. तो तोंड उघडतो: 'रोम... साम्राज्य...' ती विचारते, 'मग?' आणि जगाचा धनी आपल्या विश्वासू माणसाला म्हणतो, 'चल पोलँ, निघू. माझ्यानं तिला काही सांगवत नाही.' आणि निघून जातो. नंतर तो निरोप आंतिओक्युसकरवी पाठवतो, ज्याचं स्वतःचं बेरेनीसवर प्रेम आहे. नाटकात कुणी मरत नाही. तितुस अखेर इभ्रत राखतो, पण रोद्रिगसारखी तलवार घेऊन समोर उभी राहणारी इभ्रत ही नव्हे. वाक्य पुरं न करता आल्यामुळे एका बाईला दिवसभर टांगून ठेवणारी इभ्रत आहे.

आता 'फेद्र'. पहिला प्रयोग 1 जानेवारी 1677, पॅरिसचं ओतेल द बुर्गोन्य नाट्यगृह. अथेन्सचा राजा तेझे याची बायको फेद्र सावत्र मुलाच्या, इपोलितच्या, प्रेमात जळते आहे. नवरा सहा महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता. नाटक सुरू होतं तेव्हा ती हे गुपित पोटात घेऊन मरायला निघालेली आहे, आणि दाई एनोन तिच्याकडून ते काढून घेते. नाव मात्र फेद्रच्या तोंडून निघत नाही. ती आडून आडून सुचवते, एनोन किंचाळून 'इपोलित' म्हणते, आणि फेद्र उत्तरते: 'नाव तू घेतलंस.' हे वाक्य लक्षात ठेवा. स्वतः न बोलता दुसऱ्याकडून बोलवून घेणं ही या बाईची कमजोरी आहे, आणि तिचा सगळा विनाश यातूनच होतो.

तेझे मेल्याची बातमी येते. आता प्रेम निदान व्यभिचार राहिलेलं नाही, असं एनोन पटवते. दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात फेद्र इपोलितकडे जाते, निमित्त आपल्या मुलाच्या भवितव्याचं. बोलता बोलता ती तेझेच्या तारुण्याचं वर्णन करू लागते, आणि ते वर्णन हळूहळू समोर उभ्या मुलाचं होत जातं. क्रेटच्या भूलभुलैयात तेझेला वाट दाखवणारी तिची बहीण होती. ती म्हणते, तुमच्यासाठी ते मी केलं असतं, तुमच्याबरोबर मीच आत उतरले असते आणि तुमच्याबरोबरच सापडले किंवा हरवले असते. इपोलित दचकतो: बाईसाहेब, तेझे माझा बाप आणि तुमचा नवरा आहे हे विसरलात काय?

इथे फेद्रची पहिली प्रतिक्रिया इभ्रतीची आहे. ती ताठ होते: मी ते विसरले असं तुम्ही कशावरून धरलंत, राजपुत्र? माझ्या नावलौकिकाची चाड मी सोडली असेल काय? इपोलित शरमतो, माफी मागतो, निघायला वळतो. सगळं निभावलं. दार उघडं आहे, अब्रू शाबूत आहे. आणि त्याच क्षणी ती म्हणते, 'निर्दया, तुला सगळं कळलंय.' इतका वेळ चाललेलं 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. तालमीत मी मुलींना सांगते की इथे आवाज चढवू नका. इपोलितनं वळावं, दोन पावलं टाकावीत, आणि मग ते वाक्य यावं. ती वाहून गेली असं दिसलं तर प्रसंग छोटा होतो. सुटायची वाट समोर असताना तिनं ती घेतली नाही, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे.

तरीही, हा तिचा गुन्हा नव्हे. इथवर ती दुबळी आहे, दोषी नाही. दोष तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात घडतो, आणि तो इतक्या हळू आवाजात घडतो की वाचताना सुटतो. तेझे जिवंत आहे, परत आला आहे. फेद्र घाबरते. या भिंती, हे घुमट बोलू लागतील असं तिला वाटतं. गुन्हा करून शांत झोपणाऱ्या, कधीच न लाजणाऱ्या धीट बायकांपैकी मी नाही, असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. एनोन सुचवते की इपोलितनं बोलायच्या आत आपणच त्याच्यावर आळ घ्यावा. त्याची तलवार आपल्याकडे राहिली आहे, ती पुरावा. फेद्र दचकते: मी, निष्पापाला काळं फासू? एनोनचं उत्तर: 'माझ्या निष्ठेला तुमचं मौन तेवढं हवंय.' आणि पुढे ती सांगते की धोक्यात आलेली अब्रू वाचवायची तर सगळ्याचा बळी द्यावा लागतो, सद्गुणाचासुद्धा.

नाटकाची किल्ली म्हणून मला कुणी एकच जागा विचारली तर मी ही दाखवते. अब्रूसाठी सद्गुणाचा बळी! रोद्रिग आणि शिमेनच्या जगात ज्या दोन गोष्टी एकच होत्या त्या इथे फुटून वेगळ्या झाल्या आहेत. इभ्रत म्हणजे आता फक्त लोकांना दिसणारं तोंड. आणि फेद्र म्हणते: तुला हवं ते कर, मी स्वतःला तुझ्या हवाली करते, या गोंधळात माझ्यानं स्वतःसाठी काही होत नाही. हाच तिचा गुन्हा. तिनं खोटं सांगितलं नाही. दुसऱ्याला खोटं सांगू दिलं.

एनोनला खलनायिका करू नका. तिनं फेद्रसाठी देश सोडला, पोटची मुलं सोडली, आणि जे करते ते जीव तोडून करते. ती कपटी वाटली की सगळं पाप तिच्या माथी जातं आणि फेद्र फुकट सुटते. रासीननं प्रस्तावनेत लिहिलंय की खोटा आळ घेणं राजकन्येला न शोभण्याइतकं हलकं आहे, म्हणून ते दाईच्या तोंडी दिलं. त्याचं हे स्पष्टीकरण मला खटकतं; नीचपणा नोकरवर्गाचा, असा दरबारी समज त्यात आहे. पण नाटक प्रस्तावनेपेक्षा शहाणं आहे. फेद्रनं काम दाईकडे सोपवलं म्हणून ती स्वच्छ राहत नाही, उलट तिथेच तिचा दोष सिद्ध होतो.

चौथ्या अंकात तिला पश्चात्ताप होतो. ती तेझेकडे मुलासाठी रदबदली करायला येते, कदाचित खरं सांगायलाच येते. बोलण्याच्या ओघात तेझे सांगून जातो की इपोलितचं आरिसी या राजकन्येवर प्रेम आहे असं तो स्वतः म्हणतो. फेद्रचा आवाज आत जातो. एकटी उरल्यावर ती म्हणते, माझा आवाज असा तुटला नसता तर भयंकर सत्य कदाचित बाहेर पडलं असतं. त्या 'कदाचित'वर एका निष्पाप मुलाचा जीव जातो. मत्सर आला आणि वाचवायची इच्छा विरली. मनुष्यस्वभावाचं याहून निर्दय आणि याहून करुण निरीक्षण मी नाटकात फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

आणि गप्प राहणारी ती एकटी नाही. इपोलितला सत्य माहीत आहे. तो बापाला म्हणतो, मी खरं बोलायला हवं होतं, पण तुमच्याशी निगडित असलेलं गुपित मी दडपतो. का? बापाची मान शरमेनं खाली जाऊ नये म्हणून. आरिसीलाही तो शपथ घालतो. तीही तेझेसमोर वाक्य अर्धं तोडते: तुम्ही अनेक राक्षस मारलेत, पण एक जिवंत ठेवलात, एक... तुमच्या मुलानं पुढे बोलायला मनाई केली आहे. शेवटच्या अंकात बातमी येते की फेद्रनं तीन वेळा पत्र लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. सगळे कुणाच्या ना कुणाच्या अब्रूसाठी तोंड मिटून आहेत, आणि तेवढ्यात समुद्रातून राक्षस येऊन इपोलितच्या घोड्यांना उधळवतो.

म्हणून तिचा शेवट महत्त्वाचा. ती विष घेऊन येते. तलवारीनं केव्हाच संपवलं असतं, पण संशयाखाली सद्गुण कण्हत राहिला असता, असं ती म्हणते. सावकाश मारणारं विष तिनं निवडलं ते बोलायला वेळ मिळावा म्हणून. पहिल्यांदाच ती स्वतःच्या तोंडानं सगळं सांगते. मात्र त्यातही एक ओळ आहे: बाकी सगळं त्या नीच एनोननं घडवलं. मरतानासुद्धा थोडा भार ती दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतेच. रासीन तिला प्रस्तावनेत 'पूर्ण दोषीही नाही, पूर्ण निर्दोषही नाही' म्हणतो ते या बारकाव्यासकट खरं आहे.

ही माणसं इतकी का बोलतात, याचं उत्तर आता वेगळं द्यायची फारशी गरज नाही. रंगमंचावर रक्त सांडायचं नाही, एक जागा, एक दिवस, एक कथानक, असे नियम होते. वध आणि युद्ध रंगमंचावर दाखवू नये हा दंडक आपल्या नाट्यशास्त्रातही आहे, तेव्हा तो आपल्याला परका वाटू नये. पण नियमांनी नाटकं लिहिली नाहीत. जिथे 'बोलावं की नाही' हाच प्रश्न आहे तिथे बोलणं हीच कृती असते. बारा अक्षरांची ओळ, मधोमध सहाव्या अक्षरावर यती म्हणजे थांबा, दोन-दोन ओळींना यमक: या शिस्तीत माणूस बोलत असतो तेव्हा अर्ध्यावर तुटलेलं वाक्य थोबाडीत मारल्यासारखं ऐकू येतं. गद्य अनुवादात हे हरवतं, आणि मग पात्रं नुसतीच बोलघेवडी वाटतात.

यावर उपाय आहे. फ्रेंच येत नसलं तरी 'फेद्र'च्या दुसऱ्या अंकातल्या त्या प्रवेशाचं फ्रेंच ध्वनिमुद्रण मिळवा, अनुवाद समोर ठेवून ऐका, आणि यती कुठे मोडते तेवढंच टिपा. मग नाटक पुन्हा वाचताना प्रत्येक प्रवेशात समासात लिहा की कोण काय लपवतंय आणि कुणासाठी. 'ल सिद'साठी हेच उलटं करा: ज्या गोष्टी माणूस सहसा लपवील त्या इथे कोण कुणाला तोंडावर सांगतंय. हे झालं की रासीनचं 'आंद्रोमाक' (1667) घ्या. त्यात एर्मियोन आपल्यावर जीव टाकणाऱ्या ओरेस्तकडून पिर्युसचा खून करवून घेते आणि तो काम उरकून आल्यावर त्यालाच विचारते, 'तुला कुणी सांगितलं होतं?' शिमेननं रोद्रिगचं डोकं उघडपणे राजाकडे मागितलं होतं. या दोन मागण्या शेजारी ठेवून वाचल्यात तर टिपणाची गरज उरणार नाही.